पेल्यातलं पाणी थांबेपर्यंत

मामा,

तू गेल्यावर तुझा कॅमेऱ्याचा स्टँड मी पहिल्यांदा एकटीनं उघडला. तिन्ही पाय ओढून लांब केले, खटक्या लावल्या आणि एक विसरले. तो पाय हळूच आत गेला आणि स्टँड भिंतीला जाऊन टेकला. नशीब, वर कॅमेरा नव्हता. "आधी खटक्या, मग कॅमेरा," हे तू मला किती वेळा सांगितलं असशील. दर वेळी मी मान हलवली. ऐकलं मात्र त्या दिवशी.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्याबद्दल पुष्कळ जण बोलले. तुझं गाव, सातवीपर्यंतची शाळा, अंबडच्या कारखान्यातली फिटरची नोकरी, सगळं सांगून झालं. मग मला बोल म्हणाले. घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, तेव्हा मी चांगलं बोलणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. मी उभी राहिले आणि दोन वाक्यांत खाली बसले. मला जे सांगायचं होतं ते लोकांना सांगायचं नव्हतं, तुला सांगायचं होतं. म्हणून हे लिहिते आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

तू आमच्याकडे राहायला आलास तेव्हा मी पाचवीत होते. बाबा मनमाडला रेल्वेत, आठवड्यातून एकदा घरी येणार; म्हणून आईनं आपल्या धाकट्या भावाला गावाहून सातपूरला बोलावून घेतलं. येताना तुझ्याकडे एक पत्र्याची पेटी होती. कॅमेरा नंतर आला, नोकरी सोडून चाललेल्या एका सुपरवायझरकडून जुना घेतलेला, चामड्याच्या पिशवीसकट. तेव्हापासून स्टँड घेईपर्यंतच्या आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत आई आहे, बाबा आहेत, मी आहे, शेजारची शेळीसुद्धा आहे. तू कुठेच नाहीस. तुझा एकट्याचा काढते म्हटलं, तर म्हणायचास, "माझा कशाला? मी काय निवडणुकीला उभा हाय?"

पण आईसोबत एक फोटो तुला हवा होता, हे मला ठाऊक आहे. तुम्हां दोघा भावंडांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. लहानपणी काढायला कुणी नव्हतं आणि मोठेपणी काढणारा तूच. कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी ती छोटी चावी होती ना, फिरवून सोडली की घरघर करत दहा आकडे मोजेपर्यंत आपोआप फोटो काढणारी, ती वापरायला तू किती धडपडलास. एकदा कॅमेरा पाण्याच्या पिंपावर ठेवलास, एकदा विटांच्या चळतीवर, एकदा दिव्याच्या कोनाड्यात. पिंपावरच्या फोटोत आपल्या तिघांची फक्त पोटं आली होती. आई म्हणाली, "हे कुणाला दाखवू नको. लोकं म्हणतील, यांना तोंडं नाईत."

दुसरं एक काम होतं, त्यालाही स्टँड लागत होता. कॉलनीतली माणसं आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन तुझ्याकडे यायची. बहुतेक फोटो कारखान्याच्या ओळखपत्रावरचे, तिकिटाएवढे, अर्ध्या तोंडावर शिक्का उमटलेले. तू ते खिडकीशेजारी भिंतीला चिकटवायचास, कॅमेऱ्याला जवळचं भिंग लावायचास आणि त्यांचा मोठा फोटो काढून द्यायचास. भिंग लावल्यावर अंतर किती ठेवायचं, ते तू सुतळीला गाठ मारून ठरवलं होतंस. एक टोक भिंगापाशी, गाठ फोटोपाशी. आणि हे सगळं मांडता मांडता तू समोरच्याला विचारायचास, "माणूस कसा होता?" मला वाटायचं, हे कशाला विचारतोस? फोटोचा फोटो काढायचा, त्यात माणूस कसा होता याचा काय संबंध? लोक मात्र सांगायचे. तुझा उजेड जुळेपर्यंत सांगत राहायचे.

आता दुकानातलं सांगते. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आपण दोघं बसनं मेन रोडला गेलो. तू पहिली पाळी करून थेट आला होतास, खाकी शर्टावर तेलाचे डाग तसेच. दुकानदारानं दोन स्टँड पुढे ठेवले. एक लाकडी, कुठल्यातरी मोडलेल्या स्टुडिओतला, पितळी स्क्रूंचा, उचलायला दोन हात लागणारा. दुसरा ॲल्युमिनियमचा, घडी घालून रेक्झिनच्या पिशवीत बसणारा. किमतीत फारसा फरक नव्हता. दुकानदार म्हणाला, बघा कुठला पसंत पडतो ते. तू म्हणालास, "एक पेलाभर पाणी मिळंल का?"

त्याला वाटलं तुला तहान लागली. तू तो पेला उचललास आणि लाकडी स्टँडच्या डोक्यावर ठेवलास. बोटाच्या पेरानं एका पायावर टकटक केलीस आणि पाण्याकडे बघत मोजायला लागलास. दोन म्हणेपर्यंत पाणी थांबलं. मग तोच पेला ॲल्युमिनियमच्या स्टँडवर. टकटक. पाणी थरथरत राहिलं, तू मोजत राहिलास. सात.

"बघ," तू मला म्हणालास, "सात."

आणि तेवढ्यात माझ्या वर्गातल्या दोन मुली परीक्षेच्या फॉर्मचे फोटो न्यायला दुकानात आल्या. एकीनं विचारलं, काय गं, काय चाललंय? मी काही बोलायच्या आत दुकानदारच म्हणाला, "यांना पाण्याचा फोटो काढायचाय." त्या हसल्या. तूही हसलास, अगदी मनापासून. मी नाही हसले. मला तो पेला दिसत होता, तुझा शर्ट दिसत होता, आणि तो लाकडी सांगाडा खांद्यावर घेऊन आपण मेन रोडनं बसस्टॉपपर्यंत जातोय आणि त्या दोघी मागून येतायत, हेही दिसत होतं.

तू माझ्याकडे वळलास. "बोल, कोणता घेऊ? मला माझा हात सांगतो. तुला पुस्तक सांगतं."

मी म्हणाले, "हलका घे, मामा. स्थिर राहणं वजनावर नसतं, पाय किती पसरतात त्यावर असतं. तळ रुंद असला आणि गुरुत्वमध्य खाली असला की झालं. आमच्या पुस्तकात आहे." शिवाय जड घेतलास तर तो कुठे नेणारच नाहीस, असंही म्हणाले.

तू क्षणभर पेल्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "लिहिलेलंच हाय म्हणल्यावर प्रश्नच मिटला."

मामा, पुस्तकात होतं ते खरं होतं. पण मी ते खरं म्हणून सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली म्हणून सांगितलं. तुझ्या हातानं जे मोजून दाखवलं ते मला समोर दिसत होतं, आणि मी ते एका पाठ केलेल्या वाक्यानं झाकून टाकलं. तू माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवलास. आमच्या घरात त्या शिक्षणावर कुणी शंका घेत नसे, त्याचा मी पहिल्यांदा असा वापर केला.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आपण पांडवलेण्यांवर गेलो. पायऱ्या चढताना तू स्टँडची पिशवी दोन बोटांवर लटकवून आईला दाखवत होतास. भेटेल त्याला सांगत होतास की हा भाचीनं निवडलाय, विज्ञानाच्या हिशेबानं. वंदना झाल्यावर लेण्याच्या ओसरीत आपण तिघं बसलो. सावलीत उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवायला लागणार होतं. तू चावी फिरवलीस, धावत येऊन आईशेजारी बसलास. बाहेर वारा सुटला होता. स्टँडचे पाय थरथरताना मला बसल्या जागेवरून दिसत होते. मी भिंगाकडेच बघत बसले.

फोटो आला तेव्हा आईला दोन नाकं होती, तुला चार डोळे. आई म्हणाली, "उत्तम, तुला आता दोन बहिणी झाल्या रे. दोघींना ओवाळणी घाल." तू हसलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, आता तू म्हणशील, पेला सांगत होता, सात. तू म्हणालास, "वारा लय होता वर." एवढंच. पुन्हा कधी आपणहून त्या पेल्याचं नावही काढलं नाहीस.

मग तू कारखान्यातून एक लोखंडी आकडा करून आणलास आणि स्टँडच्या मधल्या दांड्याखाली बसवलास. त्याला बाजाराची कापडी पिशवी अडकवलीस आणि पिशवीत दोन विटा टाकल्यास. मला हाक मारून म्हणालास, "ये बघायला. तुझा गुरुत्वमध्य खाली आणला." माझा शब्द तू इतका व्यवस्थित उच्चारलास की मला हसू आलं आणि त्याच वेळी कुठेतरी लपून बसावंसं वाटलं.

त्या विटांवर आपला दारातला फोटो निघाला. संध्याकाळची उन्हं उतरलेली, आई मध्ये पायरीवर, मी डावीकडे. तू चावी सोडून धावत आलास आणि उजवीकडे बसलास, पण बसल्यावरही धापा टाकत इकडेतिकडे बघत होतास, घरघर चालू आहे की नाही म्हणून. आईनं तुझ्या खांद्यावर हात दाबला आणि म्हणाली, "गप बस की आता, हलू नको." आणि तेव्हाच फोटो निघाला. कुणालाच दोन नाकं आली नाहीत. आईच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मोजता येतात. तो फोटो तू शर्टाच्या खिशात घालून कारखान्यात नेलास आणि चार दिवस परत आणला नाहीस.

त्यानंतर आपलं ते न संपणारं भांडण सुरू झालं, आणि तेही उलट्या बाजूंनी. मी म्हणायची, लाकडीच घ्यायला हवा होता, अजून बदलून मिळतो का बघू. तू म्हणायचास, काय गरज नाय. "जड घेतला असता तर तो पलंगाखाली पडला असता. लेण्यांवर काय विटा वाहून न्यायच्यात? धोंडे तिथंच मिळतात. जे लागंल ते वजन जागेवर घ्यायचं, घरून कशाला न्यायचं?" मी म्हणायची, पण सात मोजले होतेस ना? तू म्हणायचास, "मोजले होते. मग?" मला कधी कळलं नाही, तू माझी बाजू घेत होतास की तुला खरंच तसं वाटत होतं. आणि मी अचानक लाकडी स्टँडची एवढी बाजू का घेते, हे तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं का? असं स्वतःला विचारते तेव्हा उत्तर हो येत नाही.

त्या सकाळी तू पहिल्या पाळीसाठी सायकल बाहेर काढलीस आणि पायरीवर बसलास. छातीत कसंतरी होतंय म्हणालास. आई पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत तू गेला होतास. त्याच पायरीवर. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

कार्यक्रमासाठी तुझा फोटो हवा होता. ओळखपत्रावरचा निघाला, पण शिक्का नेमका तुझ्या डोळ्यांवर. मग दारातला फोटो पेटीतून बाहेर काढला. शेजारच्या सोनूबाई म्हणाल्या, "फोटो झ्याक हाय, पण त्यात तुम्ही दोघी हाय. जित्या माणसाच्या फोटोपुढं फुलं, मेणबत्ती ठेवत नाईत." त्यांचं खरं होतं. फोटोची निगेटिव्ह शोधली, तर मागच्या पावसाळ्यात तिला बुरशी लागलेली. मी फोटो घेऊन स्टुडिओत गेले. तिथला माणूस चांगला होता. म्हणाला, तुम्ही डावीकडे आहात, तुमचा प्रश्न नाही. आईलाही कापता येईल. पण खांद्यावरचा हात राहतो, तो ब्रशनं रंगवून घालवू, कळणारसुद्धा नाही.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती तोवर रडली नव्हती. पीठ मळत होती, ते तसंच ठेवून म्हणाली, "कळणार नाही? मला कळंल ना." मी सोनूबाईंचं बोलणं आठवण करून दिलं. आई म्हणाली, "हात हाय माझा. फुलं ठेवल्यानं हाताला काय होतंय? राहू दे त्याला तिथंच."

म्हणून मी स्टँड उघडला. तुझ्या कॅमेऱ्यात रोल होता, बारापैकी आठ फोटो काढलेले, चार शिल्लक. दुपारी खिडकीजवळ दारातला फोटो भिंतीला चिकटवला. जवळचं भिंग लावलं. सुतळी तुझ्या डब्यात होती, गाठीसकट. चौकट अशी धरली की तू आणि तुझ्या खांद्यावरचा हात, एवढंच यावं. पिशवीत दोन विटा टाकल्या. मग आत जाऊन पेला भरून आणला. तो ठेवायला कॅमेरा पुन्हा काढावा लागला. टकटक केलं आणि मोजलं. एक, दोन, तीन. तीनला पाणी थांबलं, मामा. लाकडीपेक्षा फक्त एकानं जास्त.

खोलीत कुणी नव्हतं. तेव्हा मी तुला मोठ्यानं सांगितलं, की त्या दिवशी दुकानात मला लाज वाटली होती. माणसानं भिंतीवरच्या फोटोशी बोलावं हे मला कसंतरीच वाटलं, पण सांगितलं. मग कॅमेरा लावला, चारही फोटो काढले, प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी तुझ्यासारखीच श्वास धरून.

रोल धुऊन आला. आधी तू काढलेले आठ फोटो बघितले. आठही एकाच गोष्टीचे होते. आपल्या मागच्या भिंतीला चिकटवलेलं वर्तमानपत्राचं एक पान, आणि कोपऱ्यात माझी शाळेतली पाटी टेकवलेली. पाटीवर खडूनं लिहिलेलं. पहिल्या फोटोत "वीट नाही", दुसऱ्यात "१ वीट", मग "२ विटा", मग "२ विटा, मधला दांडा खाली", अशी तू एकेक गोष्ट बदलत गेला होतास. पहिल्या फोटोत पानावरची बारीक अक्षरं पुसट आहेत. पुढे पुढे ती सुटी होत जातात. आठव्यात सगळ्यात बारीक जाहिरातसुद्धा वाचता येते, आणि पाटीवर तुझ्या मोठ्या, सातवीतल्या अक्षरात एकच शब्द आहे. "पास".

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी कॉलेजात असताना, बहुतेक दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, सकाळी हे करत असणार. वर्षभरानंतरही तू त्या सात आकड्यांशी झगडत होतास. तुला पहिल्याच दिवशी माहीत होतं की माझं उत्तर चूक आहे. ते चूक ठरवण्याऐवजी तू ते बरोबर करायला घेतलंस. लाजेमुळे मी ते उत्तर दिलं हे तुला कळलं होतं की नाही, हे आता कधी समजणार नाही. मला वाटतं कळलं असावं. त्या दोघी दुकानात हसल्या तेव्हा तू त्यांच्याकडे बघत नव्हतास, माझ्याकडे बघत होतास. हे मला आत्ता, लिहिताना आठवतंय.

फोटो चांगला आला. फुलांच्या मध्ये तू, किंचित धापा टाकणारा, आणि तुझ्या खांद्यावर तो बांगड्यांचा हात. आलेल्यांपैकी काही जणांनी विचारलं, हात कुणाचा? आई सांगत होती, "माझा. लय हलत होता तो." तुझ्या कारखान्यातले लोक तेवढ्यावर हसले, आणि मग डोळे पुसायला लागले.

कार्यक्रम झाल्यावर आठेक दिवसांनी सोनूबाई आल्या. त्यांच्या यजमानांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. रुमालात गुंडाळलेला एक फोटो त्यांनी काढला, कोपरा फाटलेला, तिकिटाएवढाच. म्हणाल्या, "उत्तमला देईन देईन म्हणत राहून गेलं. तुला जमंल का गं?" मी म्हणाले, बघते. नवा रोल आणला होता. फोटो खिडकीजवळ चिकटवला, पाय पसरले, या वेळी तिन्ही खटक्या आधी. विटा टाकल्या. पेला ठेवला.

पाणी हलत असताना मी विचारलं, "माणूस कसा होता?"

सोनूबाई खाली बसल्या. पदर सारखा केला आणि सांगायला लागल्या. तीन आकड्यांत पाणी थांबलं. पेला तसाच वर राहू दिला, मामा. त्यांचं सांगून व्हायचं होतं.